तोंडावरचा हात

गेल्या वर्षीची गोष्ट. माझी चौदा वर्षांची मुलगी फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे ती मला दिसत होती. तिला मी दिसत नव्हते. पलीकडून मैत्रीण काहीतरी म्हणाली आणि लेकीला हसू फुटलं. तसा तिचा उजवा हात वर आला. चारही बोटं जुळलेली, तळवा किंचित आत वळलेला, वरचा ओठ आणि पुढचे दात झाकले जातील एवढ्याच उंचीवर. हसू ओसरलं, हात खाली गेला. साधा फोन होता, व्हिडिओसुद्धा नव्हता. तिच्याकडे पाहणारं तिथं कुणीही नव्हतं.

तिचे दात सरळ आहेत. एका ओळीत, एकसारखे. झाकावं असं त्यांत काही नाही. तो हात तिचा नव्हताच. माझा होता.

माझे वरचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत आणि डावा सुळा रांग सोडून वर, हिरडीजवळ उगवलेला आहे. लहानपणी मला याचा पत्ता नव्हता, म्हणजे दात असे आहेत हे माहीत होतं, पण त्यात काही बिघडलंय असं वाटत नव्हतं. सातवीत वर्गाचा फोटो काढायचा होता. आम्ही चौघीजणी पुढच्या ओळीत बसून कशावरून तरी खिदळत होतो. बाई वैतागल्या आणि ओळीनं चौघींनाही तेच म्हणाल्या, "दात काढू नकोस." खिदळणाऱ्या पोराला मराठीत हे वाक्य कितीदा ऐकावं लागतं याची गणती नाही. बाईंच्या मनात दातांचा विचारही नसणार. बाकीच्या तिघींनी तोंडं मिटली आणि मधल्या सुट्टीपर्यंत त्या ते विसरूनही गेल्या. मी मात्र ते वाक्य शब्दशः घेतलं आणि घरी घेऊन आले. संध्याकाळी आरशासमोर उभी राहून ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. त्या दिवसापर्यंत दात चावायच्या कामाचे होते. त्या दिवसापासून ते दिसायला लागले.

त्यानंतर हात कधी वर जायला लागला ते सांगता येणार नाही. आपल्याकडे एखादी गोष्ट सवयीची झाली की ती 'अंगवळणी पडली' म्हणतात. माझ्या बाबतीत ती खरोखरच अंगाला पडलेली वळणं झाली. खांदा किती उचलायचा, मान किती वळवायची, कुठल्या बाजूला बसलं की सुळा समोरच्याला दिसत नाही. चारचौघांत बसले की माझी जागा ठरलेली असायची: डावीकडे भिंत, बाकीची माणसं उजवीकडे.

हात तोंडाशी जाऊन खाली यायला दोन सेकंद लागत असतील. कुणाला वाटेल, दोन सेकंदांनी काय बिघडतं? बिघडतं ते त्या आधी. एखादा गमतीचा किस्सा रंगात यायला लागला की बाकीची माणसं पुढे सरकतात, त्यात शिरतात. मी त्याच क्षणी किश्श्यातून बाहेर पडायचे, कारण आता हसू येणार आणि त्यासाठी हात मोकळा पाहिजे. सगळे पोट धरून हसत असताना माझ्या मनाचा एक भाग दारावर पहारा देत उभा असायचा. नवरा एकदा म्हणाला, "तुझं हसणं मी ऐकलंय जास्त, पाहिलंय कमी." तो प्रेमानंच म्हणाला होता. मला मात्र पुढे कितीतरी दिवस त्याच्यासमोर हसायची चोरी वाटत होती.

या पहाऱ्याला मानसशास्त्रात बरंच गंभीरपणे घेतलेलं आहे, हे मला फार उशिरा कळलं. बार्बरा फ्रेडरिकसन आणि टॉमी-ॲन रॉबर्ट्स या दोघींनी १९९७ मध्ये अशी मांडणी केली की, ज्यांच्या शरीराकडे सतत वस्तूसारखं पाहिलं जातं, विशेषतः बायका आणि मुली, त्या हळूहळू स्वतःकडेही बाहेरून, पाहणाऱ्याच्या नजरेनं बघायला लागतात. पुढच्याच वर्षी फ्रेडरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात काही तरुण-तरुणींना पोहण्याचा पोशाख घालायला दिला, काहींना स्वेटर. खोलीत एकट्यानंच, आरशासमोर घालायचा. मग त्याच खोलीत, तोच पोशाख अंगावर ठेवून गणितं सोडवायची. स्वेटर घातलेल्या मुलींपेक्षा पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची गणितं जास्त चुकली. मुलांच्या बाबतीत असा फरक पडला नाही. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, हे मी वाचताना दोनदा तपासून पाहिलं. बुद्धी तीच होती, पण तिचा एक तुकडा आरशात अडकून पडला होता.

माझा किती अडकला असेल? कामाच्या ठिकाणी एकदा नव्या लोकांना शिकवण्याची जबाबदारी मला देऊ केली होती. काम मला येत होतं, समजावून सांगायला आवडतही होतं. रोज वीस-पंचवीस माणसांसमोर उभं राहून बोलायचं, त्यांच्याशी हसतखेळत राहायचं, एवढंच. मी घरची अडचण सांगून नाही म्हटलं. घरी कसलीही अडचण नव्हती. ज्या सहकारी बाईंनी ते काम घेतलं त्यांनी ते छान केलं, आणि मी त्यांना शुभेच्छा देतानाही ओठ मिटूनच हसले. लोक मला अबोल म्हणतात, काहीजण शिष्ट म्हणतात. मी दोन्ही नाही. मला खूप बोलायचं असतं.

पण खरी किंमत मोजली ती दाढेपायी. उजवीकडची खालची दाढ दुखायला लागली तेव्हा मी सदतीस वर्षांची होते. गार पाणी लागलं की कळ जायची. मी डावीकडून चावायला लागले. कळ थांबली की वाटायचं, गेलं. मग पुन्हा यायची. असं दोन वर्षं चाललं. पैशांचा प्रश्न नव्हता, वेळही काढता आला असता, सुईचीही मला भीती नाही. मला भीती होती ती त्या खुर्चीत आडवं होऊन, वरचा दिवा तोंडात सोडून, परक्या माणसासमोर आ करायची. ज्या दातांना मी पंचवीस वर्षं झाकलं ते एका फटक्यात उघडे टाकायचे! शेवटी गाल सुजला, ताप आला, तेव्हा नवऱ्यानं नेऊन बसवलं.

डॉक्टर वयस्क होते. त्यांनी आरसा आत घातला, एकेक दात टोकरत गेले आणि आकडे सांगत गेले. सहायक मुलगी ते लिहून घेत होती. चढलेले दोन दात आले, सुळा आला. त्यांच्या आवाजात काही फरक पडतोय का, याकडे माझा कान लागला होता. पडला नाही. तोच सूर, तेच आकडे. शेवटी हातमोजे काढत ते म्हणाले, "पुढच्या दातांना काहीही झालेलं नाही, चांगले घट्ट आहेत. मागची दाढ मात्र वाचवता आली असती. वर्षभर आधी यायला हवं होतं."

दाढ काढावी लागली. ती जागा अजून रिकामी आहे आणि जीभ अधूनमधून तिथं जाऊन येते. ज्या दातांची लाज वाटत होती ते शाबूत राहिले आणि ज्या दाढेबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती ती गेली.

शरीराची लाज माणसाला डॉक्टरपासूनही लांब ठेवते, हा अनुभव एकट्या माझा नाही. वजनावरून बोलणी खावी लागतील म्हणून तपासणी टाळणारी माणसं मी पाहिली आहेत. कपडे उतरवावे लागतील म्हणून छातीतली गाठ महिनोन्‌महिने कुणाला न दाखवणाऱ्या बायका आहेत. आपल्याला न आवडणाऱ्या भागाकडे आपण एक तर सारखं पाहतो किंवा अजिबात पाहत नाही, आणि दोन्हींत त्या भागाची काळजी घेणं राहून जातं. हे मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतं.

'जगण्याचा दर्जा' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घर, पैसा, तब्येत येते. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९५ मध्ये त्याची जी व्याख्या मांडली, तिचा गाभा असा की, आपल्या आयुष्यात आपण कुठे आहोत याबद्दल त्या माणसाची स्वतःची समज काय आहे, ते पाहायचं. बाहेरून कुणी येऊन ठरवायचं नाही. ते मोजण्यासाठी त्यांनी बनवलेली २६ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तिच्यातला दहावा प्रश्न रोजच्या जगण्यापुरती ताकद अंगात आहे का, असा आहे. बारावा, गरजेपुरते पैसे आहेत का. या दोहोंच्या मध्ये, अकरावा: आपलं शारीरिक रूप तुम्ही स्वीकारू शकता का? मी थबकले ते या जागेपाशी. ताकद आणि पैसा यांच्या मधोमध, त्याच मापानं, त्याच पाच पर्यायांत. म्हणजे ज्याला आपण नटण्यामुरडण्याचा, रिकामटेकडा विषय समजतो, तो तिथं पोटापाण्याच्या प्रश्नाला खेटून बसलेला आहे.

आत्मसन्मान मोजण्याची सगळ्यांत जास्त वापरली जाणारी पट्टी त्याहून जुनी आहे. मॉरिस रोझेनबर्ग या समाजशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये दहा वाक्यं मांडली. माझी किंमत निदान इतरांइतकी तरी आहे, माझ्यात काही चांगले गुण आहेत, कधीकधी आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं, अशा धर्तीची. पटतं, नाही पटत, एवढंच सांगायचं. त्या दहा वाक्यांत दिसण्याचा उल्लेख एकदाही नाही. मी ती प्रामाणिकपणे सोडवायला बसले आणि प्रत्येक वाक्याशी मला माझे दातच आठवले. प्रश्नात नसलेली गोष्ट मी उत्तरात घालत होते. सातवीतल्या त्या संध्याकाळी या दोन तारा एकमेकींना जोडल्या गेल्या असाव्यात. दात वाकडे, म्हणजे मी कमी.

दात सरळ करून घेतले असते तर? हे मला अनेकांनी सुचवलंय आणि त्यात गैर काही आहे असं मी मानत नाही. दातांनी चावता येत नसेल, घासता येत नसतील किंवा नुसतं मनाला बरं वाटत असेल, तरी करावं. पण त्यानं ही तार सुटते का, याचं उत्तर मला एका जुन्या पाहणीत सापडलं. १९८१ मध्ये वेल्समधल्या कार्डिफला अकरा-बारा वर्षांच्या हजारभर मुलांचे दात तपासले आणि त्यांच्या मनःस्थितीचीही नोंद केली. वीस वर्षांनी त्यांतल्या ३३७ जणांना पुन्हा गाठलं. ज्यांना गरज होती आणि ज्यांनी तारा लावून घेतल्या त्यांचे दात सरळ झाले होते, दातांबद्दल ते समाधानीही होते. पण लहानपणी मुळात किती आत्मसन्मान होता हे हिशेबात घेतल्यावर, मोठेपणीच्या मानसिक आरोग्यात आणि जगण्याच्या दर्ज्यात त्या उपचारांनी फारसा फरक पाडलेला दिसला नाही. दात सुधारले, दातांपुरतं सुधारलं.

दुसरा एक प्रयोग मी किती जणांना सांगितला असेल. १९८० चा, अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधला, रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेन्टा यांचा. काही लोकांच्या गालावर रंगभूषेनं मोठा व्रण काढला. त्यांना तो आरशात दाखवला. मग, व्रण तडकू नये म्हणून थोडं क्रीम लावतो, असं सांगून तो त्यांच्या नकळत पुसून टाकला. गाल साफ. ही माणसं अनोळखी व्यक्तीशी बोलायला गेली आणि परत येऊन सांगू लागली की समोरचा माणूस अवघडला होता, त्याच्या नजरेत व्रण खुपत होता. व्रण कुठे होता? त्यांच्या डोक्यात. आणि तरी समोरच्याच्या प्रत्येक हालचालीत त्यांना त्याचा पुरावा मिळत गेला.

हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते. माझ्या गालावर निदान व्रण आहे, म्हणजे दात खरेच वाकडे आहेत. पण किती जणांच्या नजरा मी त्या दातांच्या खात्यावर मांडल्या असतील? बैठकीत कुणी घड्याळाकडे पाहिलं, बोलताना कुणाची नजर खाली गेली, एखादीनं बोलणं आवरतं घेतलं, सगळं मी तिथंच जमा केलं. त्यांतल्या कितींना गाडी गाठायची असेल, कितींना घरची काळजी असेल. आणि माझा हातच तोंडावर असल्यामुळे मी त्यांच्यावर नाराज आहे असं कितींना वाटलं असेल, हा विचार तर त्याआधी मनात कधीच आला नव्हता.

शरीर जसं असतं आणि ते आपल्याला जसं वाटतं, या दोन गोष्टींत अंतर असतं. पॉल शिल्डर या मनोविकारतज्ज्ञानं १९३५ मध्येच हे मांडलं होतं: मनात आपण आपल्या शरीराचं जे चित्र काढतो, ती शरीरप्रतिमा. ते चित्र बनवायला आपल्याला साधनंही फसवीच मिळतात. आरसा डावं-उजवं उलटं दाखवतो आणि जन्मभर तोच चेहरा पाहून आपण त्याला सरावतो, म्हणून फोटोतलं आपलं तोंड आपल्याला परकं वाटतं. १९७७ मधल्या एका अभ्यासात स्वतःला आपला आरशातला चेहरा जास्त आवडला, तर मित्रांना त्याच माणसाचा सरळ फोटो. मोबाईलचं तर विचारू नका. चेहऱ्यापासून एक फुटावर धरून काढलेल्या सेल्फीत, पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असं २०१८ मध्ये काही डॉक्टरांनी हिशेब करून दाखवलं. जवळच्या वस्तू मोठ्या दिसतात, भूमितीचा साधा नियम. आणि पोरं त्या फोटोवरून आपल्या नाकाला नावं ठेवतात.

फिजीचं उदाहरण मात्र माझ्या मनातून जात नाही. तिथल्या नाड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. भरल्या अंगाचं कौतुक असलेला तो समाज. ॲन बेकर या संशोधक डॉक्टरनं टीव्ही येताच आणि पुन्हा तीन वर्षांनी तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. १९९८ मध्ये त्यांचं प्रमाण ११.३ टक्के झालं. तीन वर्षांत त्या मुलींची शरीरं बदलली नव्हती. त्यांना लावायची मोजपट्टी बदलली होती. आता तशी मोजपट्टी प्रत्येक मुलीच्या उशाशी, चार्जिंगला लावलेली असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. माझं दुखणं टोचणारं होतं, पण मी जगत होते. काहींना हे असं जखडतं की दिवसातले तासन्‌तास आरशात जातात किंवा आरसे चुकवण्यात जातात, घराबाहेर पडणं थांबतं. एनरिको मोर्सेली या इटालियन डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकातच या आजाराचं वर्णन करून ठेवलंय. त्यावर बोलण्याच्या उपचारांनी आणि औषधांनी फरक पडतो. तिथं "असं काही नाहीये गं, छान दिसतेस" हे वाक्य कामाचं नाही. मनोविकारतज्ज्ञाकडे जायला हवं.

तसं ते वाक्य माझ्यावरही कधी चाललं नाही. "छान दिसतेस" म्हटलं की पुन्हा दिसण्याचाच हिशेब सुरू होतो. मला त्यातून थोडंफार बाहेर काढलं ते डॉक्टरांच्या त्या एकसुरी आवाजानं. चांगले घट्ट आहेत, म्हणाले. माझ्या दातांबद्दल इतकं साधं, कामाचं वाक्य कुणी उच्चारलंच नव्हतं.

फोनचा तो प्रसंग झाला त्या रात्री मी लेकीजवळ बसले. कसं विचारावं कळत नव्हतं. शेवटी सरळ विचारलं, "हसताना तू तोंडावर हात का ठेवतेस गं?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "ठेवते?"

मी करून दाखवलं. तिचा चेहरा गोंधळला. मग म्हणाली, "पण आई, हसताना असंच करतात ना?"

मला काही बोलताच येईना. तिच्यासाठी तो हात लाजेचा नव्हताच. तिला हसणं म्हणजे तेच वाटत होतं. आवाज, डोळे बारीक होणं आणि हात. मी तिच्यासमोर कधी स्वतःच्या दातांना नावं ठेवली नव्हती, तेवढी काळजी मी घेतली होती. ती वाक्यं ऐकत नव्हती, मला पाहत होती. मग मी तिला सगळं सांगितलं, सातवीतला फोटो, दाढ, ते नाकारलेलं काम. तिनं मधे एकदाच विचारलं, "तो फोटो आहे?" आहे. मी काढून आणला. ती बराच वेळ शोधत होती. पुढच्या ओळीत मिटल्या ओठांच्या चार मुली होत्या आणि त्यांतली मी कोणती, ते तिला ओळखता आलं नाही.

त्यानंतर मी ठरवून हात खाली ठेवायचा प्रयत्न केला. सत्तावीस वर्षांचं वळण आहे, ते ठरवून जात नाही. हात मांडीवर दाबून धरला की सगळं लक्ष हाताकडे, हसू तसंच राहून जातं. कधी जमतं, बऱ्याचदा नाही. लेक मधेच नुसती माझ्या हाताकडे बघते, मीही तिच्या हाताकडे बघते.

गेल्या महिन्यात आम्ही घर बदललं. सामान चढवणारी माणसं निघून गेल्यावर लक्षात आलं की मोठी गादी खालीच राहिली. दुसरा मजला. आम्ही दोघींनी ती उचलली. ती पुढे, मी मागे. पहिल्या वळणावर गादी कठड्यात अडकली. पुढे जाईना, मागे येईना. गादीच्या कडेवरून मला फक्त तिचा चेहरा दिसत होता, घामानं केस कपाळाला चिकटलेले. "आई, तू उजवीकडे वळव." "अगं, कुणाच्या उजवीकडे?" तिला हसू फुटलं. मग मलाही. गादी घसरायला लागली म्हणून दोघींनी आणखी घट्ट धरली, दोन्ही हातांनी, आणि हसू काही थांबेना. जिन्यात आवाज घुमत होता. वरच्या मजल्यावरचं दार उघडलं, कुणीतरी डोकावलं. आम्ही तशाच उभ्या होतो, गादी धरून, दोघींचीही तोंडं उघडी.